तसबिरींतील बाईचें नांव काय?

वेवजी हें गांव महाराष्ट्राच्या अगदीं वेशीवर वसलेलें आहे. पलीकडे उंबरगांव, तें १९६० सालीं ठाणें जिल्ह्यांतून निघून गुजराथेंत गेलें, अलीकडचीं गांवें महाराष्ट्रांत राहिलीं. या वेवजींत आमच्या एका परिचितांचें जुनें घर आहे. गेल्या पावसाळ्यांत त्याचा माळा गळूं लागला, म्हणून वरचें सामान खालीं उतरविलें, तेव्हां पत्र्याच्या पेटींतून जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली एक जुनी तसबीर निघाली. नऊवारी लुगडें, नाकांत नथ, एक हात खुर्चीच्या पाठीवर, मागें पडद्यावर रंगविलेला महाल. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेस फोटो काढणाराचें नांव व मुंबईचा पत्ता सोनेरी, वळणदार अक्षरांत छापलेला. पाठीमागें कोणीं तरी शाईनें त्या बाईचें नांव लिहिलें होतें. आणि दुसऱ्या कोणीं तरी तें पात्यानें खरवडून काढलें होतें. घरांतील आजींस विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "नाटकांतली होती ती. आपल्याच घरची. तिचें नांव घ्यावयाचें नाहीं, असें मामंजींनीं सांगून ठेवलें होतें." मामंजींची आज्ञा साठ वर्षें पाळली गेली. आतां नांव घ्यावेंसें वाटलें, तर तें आजींस आठवत नाहीं.

आजच्या लेखाचें निमित्त एवढेंच. फोटो काढणाराचें नांव सोन्याच्या अक्षरांत राहिलें आणि जिचा फोटो तिचें नांव पात्यानें गेलें, ही एका घराची गोष्ट नाहीं. आमच्या समाजानें आपल्या कलावती स्त्रियांशीं जो व्यवहार केला त्याचा हा ताळेबंद आहे. व्यापारी वाचकांस ताळेबंदाची भाषा समजावून सांगण्याचें कारण नाहीं. घेतलेल्या मालांत चेहरे आहेत, सूर आहेत, दिवाणखान्याची शोभा आहे. त्याच्या मोबदल्यांत एक नांव तेवढें लिहून ठेवावयाचें होतें, तें आम्ही लिहिलें नाहीं. हें देणें अद्यापि फेडतां येण्याजोगें आहे, परंतु फार दिवस राहणार नाहीं, हेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

हल्लीं जुन्या तसबिरींची आवड वाढली आहे. उपाहारगृहांच्या भिंतींवर, कापडाच्या दुकानांत, दिनदर्शिकांवर शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच्या स्त्रियांचीं छायाचित्रें दिसूं लागलीं आहेत. पायांत चाळ बांधलेली नर्तकी, तंबोरा जुळवीत बसलेली गायिका, डोक्यावर घडा घेतलेली ग्रामस्त्री. खालीं फार तर "जुन्या काळची नर्तकी" किंवा "एक आदिवासी स्त्री" एवढें लिहिलेलें असतें. आवड चांगली आहे. तीस नांवें ठेवण्याचें आमच्या मनांत नाहीं. परंतु हीं चित्रें नांवावांचून आपल्यापर्यंत कशीं पोहोंचलीं याचा विचार न करितां तीं टांगणें म्हणजे जुन्या अन्यायास नवी चौकट करून देणें होय.

पहिली गोष्ट राज्यकर्त्यांच्या कॅमेऱ्याची. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीं स्थापन झाली. तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं विल्यम जॉन्सन या गृहस्थानें १८६३ व १८६६ सालीं मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन भाग प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळ चित्रें हें जोडकाम आहे: माणसें एका ठिकाणीं उभीं करून टिपलेलीं आणि मागचा देखावा दुसऱ्याच छायाचित्रांतून आणून बसविलेला. पुढें १८६८ ते १८७५ या काळांत सरकारच्या आश्रयानें हिंदी लोकांवर आठ भागांचा सचित्र ग्रंथ लंडनमध्यें निघाला. राजेरजवाडे व कांहीं प्रतिष्ठित मंडळी सोडली, तर या ग्रंथांत माणूस माणूस म्हणून आलेला नाहीं, मासला म्हणून आला आहे. अडत्यानें धान्याचा नमुना पुडींत बांधून पाठवावा, तसा. पुडीवर गव्हाची जात लिहितात. एकेका दाण्याची ओळख कोणी लिहीत नाहीं. परक्या राज्यकर्त्याचें एक वेळ समजूं शकतें. त्यास राज्य चालविण्यासाठीं जाती मोजावयाच्या होत्या. पण आपण काय केलें? चित्राखालची त्याची ओळ आपण जशीच्या तशी उचलली, आणि तो गेला तरी ती पुसली नाहीं.

दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या रंगभूमीची, आणि ती अधिक नाजूक आहे. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं सीतास्वयंवर केलें, तेव्हांपासून स्त्रीची भूमिका पुरुषानें करावयाची हा मराठी रंगभूमीचा रिवाज झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मंडळींत भाऊराव कोल्हटकर आणि त्यांच्यामागून १९०५ सालीं त्याच मंडळींत आलेले नारायणराव राजहंस, म्हणजे साऱ्या महाराष्ट्राचे बालगंधर्व, यांनीं त्या रिवाजास कलेची जी उंची दिली तिच्यापुढें आम्ही नम्र आहों. १९११ मधील मानापमानाची भामिनी, १९१६ मधील स्वयंवराची रुक्मिणी, १९१९ मधील एकच प्यालाची सिंधू या भूमिकांनीं दोन पिढ्यांस वेड लावलें. बालगंधर्वांच्या स्त्रीवेषांतील तसबिरी घरोघर लागल्या. लुगडें कसें नेसावें, केसांत फुलें कशीं माळावीं, हें कुलीन स्त्रियांनीं त्यांच्याकडे पाहून उचललें. नाटक मंडळ्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयास बडोद्यास जात. डहाणू, घोलवड, उंबरगांव हीं स्टेशनें त्याच रेल्वेच्या वाटेवरचीं. नाटकाचें वेड या वाटेवरच्या गांवांस परकें नव्हतें.

आतां सुज्ञ वाचकांनीं क्षणभर थांबून पाहावें. महाराष्ट्राच्या दिवाणखान्यांत आदर्श स्त्री म्हणून जी तसबीर उजळ माथ्यानें लागली ती पुरुषाची होती, आणि तिच्यांतील व्यक्तीचें नांव पोरासोरांस ठाऊक होतें. त्याच काळीं जी खरीखुरी स्त्री रंगभूमीवर उभी राहिली तिची तसबीर पेटीच्या तळाशीं गेली, आणि नांव पात्याखालीं. यांत बालगंधर्वांचा दोष कांहींच नाहीं. १९३८ सालीं त्यांनीं स्वतःच गोहरबाई कर्नाटकी यांस स्त्रीभूमिकांसाठीं आपल्या मंडळींत घेतलें. दोष नटाचा नव्हे, प्रेक्षकाचा होता. पुरुषानें स्त्री होणें ही कला आणि स्त्रीनें स्त्री म्हणून उभें राहणें हा निर्लज्जपणा, असा दुहेरी तराजू ज्यानें वापरला त्या प्रेक्षकाचा.

चित्रपटाचा आरंभहि असाच झाला. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं राजा हरिश्चंद्र काढला तेव्हां तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळाली नाहीं. अखेर उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांस लुगडें नेसवावें लागलें. याच साळुंक्यांनीं १९१७ च्या लंकादहनांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. परंतु १९१३ सालींच फाळक्यांच्या मोहिनी भस्मासुर या चित्रपटांत दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा वर्षांच्या आसपासची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. मायलेकींनीं हा धीर केला तेव्हां त्यांस कोणीं मानपत्र दिलें नाहीं. दिली ती नाकें मुरडून दिलेली वागणूक. कमलाबाई गोखले पुढें दीर्घायुषी झाल्या, १९९८ पर्यंत जगल्या. त्यांच्या उतारवयांत रीना मोहन यांनीं त्यांच्यावर एक अनुबोधपट केला, त्यांत कमलाबाई आपली हकीकत आपल्या तोंडानें सांगतात. कोणी वेळेवर विचारावयास गेलें, म्हणून एवढें तरी राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याहि महाराष्ट्रांत हिंडत होत्या. त्यांत पुरुषांच्या भूमिकासुद्धां स्त्रियाच करीत. त्या मंडळ्यांतील किती जणींकडे कोणी विचारावयास गेलें?

येथें कोणी म्हणेल कीं, पुढें काळ बदलला ना? बदलला, हें खरें. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर यांनीं व त्यांच्या भावंडांनीं नाटक काढून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडे दिल्या. १ जुलै १९३३ रोजीं नाट्यमन्वंतर या संस्थेनें मुंबईस आंधळ्यांची शाळा हें नाटक केलें, त्यांत ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. १९३२ च्या अयोध्येचा राजा या बोलपटांत दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. म्हणजे ज्या भूमिकेस १९१३ सालीं स्त्री मिळाली नव्हती तीच भूमिका एकोणीस वर्षांनीं एका प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रीनें केली. वर्तमानपत्रांनीं कुलीन स्त्री रंगभूमीवर आली म्हणून आनंद केला, आणि तो योग्यच होता. परंतु "कुलीन" या एका शब्दानें एक अनर्थ केला. जिनें आधीं शिव्या खाऊन दार उघडून धरलें होतें ती त्या शब्दानें बाहेरच राहिली. दारांतून शिरलेलींची नांवें इतिहासांत आलीं. दार धरून उभी राहिलेली तसबिरींत राहिली, बिननांवाची.

या कामीं सुधारक म्हणविणारांनींहि आपल्या अंगणांत पाहावें. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मद्रासेकडून नाचविरोधी चळवळ निघाली. मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला. अजाण मुलींस देवास वाहण्याची चाल बंद झाली पाहिजे होती, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. पण चाल बंद करतांना त्या चालींत सांपडलेल्या स्त्रीची विद्याहि आम्ही उकिरड्यावर टाकली. शब्दच पाहा. कलावंतीण म्हणजे जिच्यापाशीं कला आहे ती. नायकीण म्हणजे जी पुढारपण करते ती. हे मानाचे शब्द होते, त्यांच्या आम्ही शिव्या केल्या. ज्या समाजांत कलेचें नांवच शिवी होतें, त्या समाजांत कला जाणणारीचें नांव पुसलें गेलें तर नवल कसलें? सुधारणेनें बाईस पाप्यांच्या हातून सोडविलें, पण सोडवितांना तिची ओळख मात्र तेथेंच ठेवून आणलें, हें आम्हीं कबूल केलें पाहिजे.

तिसरी गोष्ट चित्रकाराची. राजा रविवर्मा यांनीं बडोद्याच्या दरबारासाठीं पौराणिक चित्रें काढलीं आणि १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांस घरोघर पोहोंचविलें. हा छापखाना पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. त्या चित्रांपुढें आपल्या आज्यांनीं उदबत्ती लावली. परंतु देवीस चेहरा लागतो आणि तो कोणा मानवी स्त्रीचाच असावा लागतो. ज्या स्त्रिया रविवर्म्यांपुढें बसल्या त्यांत अंजनीबाई मालपेकर यांचें नांव सांगतात. १८८३ सालीं जन्मलेल्या या बाई भेंडीबाजार घराण्याच्या मोठ्या गायिका होत्या. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनीं त्यांच्यापाशीं तालीम घेतली; १९५८ सालीं संगीत नाटक अकादमीनें त्यांस आपलें सर्वोच्च सन्मानाचें सदस्यत्व दिलें आणि हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. अंजनीबाईंचें नांव राहिलें तें त्यांच्या गळ्यामुळें, चित्रामुळें नव्हे. ज्यांच्यापाशीं गळा नव्हता, केवळ चेहरा होता, त्या लक्ष्मी झाल्या, दमयंती झाल्या, आणि स्वतः कोणीच झाल्या नाहींत. भिंतीवर त्यांची पूजा झाली. दारांतून त्या आल्या असत्या तर घरांत घेतलें गेलें असतें काय, हें ज्याचें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें.

या साऱ्या अंधारांत एक प्रसंग विजेसारखा चमकतो. नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास ग्रामोफोनच्या विलायती तंत्रज्ञांनीं गोहरजान या प्रसिद्ध गायिकेचें गाणें मुद्रित केलें. तबकड्या तयार होत जर्मनींत हॅनोव्हर येथें. तेथील कारागिरांस हिंदी गाणें कोणाचें हें कळावें कसें? म्हणून गाणें संपतांच गायिकेनें आपलें नांव उच्चारावें अशी योजना झाली. तीन मिनिटांच्या तबकडीच्या शेवटीं गोहरजान इंग्रजींत ठणकावून सांगतात कीं, माझें नांव गोहरजान. सोय होती कारागिरांची, पण परिणाम काय झाला पाहा. सव्वाशें वर्षांनंतरहि ती तबकडी लावली कीं ती बाई स्वतःच्या तोंडानें आपलें नांव सांगते; तें खरवडून काढण्यास पातें कोठून आणणार? याच गोहरजानची तसबीर त्या काळीं ऑस्ट्रियांत बनलेल्या आगपेट्यांवरहि छापली गेली. आगपेटी विझली, फेकली गेली, आवाज राहिला. तबकडीस नांव सांगतां आलें. तसबिरीस तोंड नाहीं, तिच्या वतीनें दुसऱ्यानें लिहावें लागतें. तें लिहिण्याचें काम आपलें होतें, आणि आहे.

हें सर्व फार जुनें झालें, असें समजूं नये. वेवजीच्या शेजारीं उंबरगांवीं १९८७-८८ मध्यें दूरदर्शनवर गाजलेल्या रामायण मालिकेचें चित्रण झालें. सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया यांच्या तसबिरीस देशभर लोकांनीं हार घातले. प्रत्यक्ष त्या भेटल्या तर लोक पायां पडत. भक्तीचा आम्ही उपहास करीत नाहीं. पण स्त्री पडद्यावर आली कीं ती एक तर देवी, नाहीं तर कुलटा. या दोन टोकांच्या मध्यें, श्रम करून आपली कला शिकलेली, आपलें नांव असलेली बाई म्हणून तिच्याकडे पाहण्याची संवय आपल्यास अद्यापि लागलेली नाहीं, एवढें या गोष्टींवरून दिसतें.

आणि आतां आमच्या दाराशींच असलेली गोष्ट. डहाणू व तलासरी या तालुक्यांची जगांत जी ओळख आहे ती वारली चित्रांमुळें. वारल्यांच्या लग्नांत घरांतल्या गेरूनें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात; त्यांत पालघट देवी बसते. हा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा, आणि लग्नाचीं गाणीं म्हणून विधि चालविण्याचा मान धवलेरीचा. म्हणजे या कलेची माय स्त्री आहे. १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांनीं ही कला भिंतीवरून कागदावर आणण्यास उत्तेजन दिलें, आणि गंजाड येथील जिव्या सोमा म्हशे यांनीं ती देशोदेशीं नेली. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, २०१८ सालीं ते निवर्तले. त्यांच्या थोरवीस उणेपणा आणण्याचें आमच्या स्वप्नींहि नाहीं. परंतु त्यांच्यापूर्वीं शेंकडों वर्षें ज्या बायांनीं भिंती लिहिल्या, त्यांपैकीं एकीचेंहि नांव सांगतां येईल काय?

चौकाची गोष्ट एक वेळ सोडा. चौकांतील माणूस दोन त्रिकोणांचा असतो. त्यास नाक-डोळे नाहींत, तो कोणीहि आहे आणि सर्व पाडाच त्याच्यांत आहे. तेथें नांव नसणें शोभून दिसतें. छायाचित्राचें तसें नाहीं. छायाचित्रांत जी वारलीण दिसते तिच्या कपाळावरची आठी तिचीच आहे, हातांतली पाटली तिचीच आहे, कडेवरचें मूल तिचेंच आहे. ती कोणीहि नव्हे, ती एकच आहे. तिच्याखालीं "आदिवासी स्त्री" असें लिहिणें म्हणजे जॉन्सनसाहेबाचा मासला आजहि पुडींत बांधणें होय. १९४५ सालीं झरीच्या सभेपासून ज्या वारली समाजानें वेठीस नाहीं म्हणण्याचें धैर्य दाखविलें, त्या समाजांतील स्त्रीचा चेहरा तरी आम्ही वेठीस धरूं नये.

याविरुद्ध दोन आक्षेप निघतील, त्यांचा विचार करणें अवश्य आहे. पहिला असा कीं, कित्येक घराण्यांस हीं नांवें पुढें यावींशीं वाटत नाहींत. त्यांच्या अब्रूचें काय? या आक्षेपांत तथ्य आहे. कित्येक स्त्रियांनीं स्वतःच नांव बदललें, गांव सोडलें, मागचें दार लावून घेतलें. तें उघडण्याचा हक्क आम्हांस नाहीं. जिवंत स्त्रीचें चित्र तिला विचारल्यावांचून छापूं नये, आणि घराण्याची इच्छा नसेल तेथें गप्प बसावें. पण न छापणें ही एक गोष्ट, आणि खरवडून टाकणें ही दुसरी. जें झांकलें आहे तें पुढील पिढीस उघडतां येतें. जें नष्ट केलें तें परमेश्वरासहि परत आणतां येणार नाहीं. शिवाय अब्रू ती कोणाची? गाणें गाऊन, भूमिका करून जिनें घर पोसलें तिच्या नांवानें घराची अब्रू जात नाहीं. तिचे पैसे घेऊन तिचें नांव टाकणारांची मात्र जाते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. दुकानदार म्हणेल, चित्र मीं विकत घेतलें, हक्काचे पैसे दिले. नांवाची भानगड माझ्यामागें कशास? कायद्याच्या दृष्टीनें त्याचें म्हणणें खोटें नाहीं. १९५७ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें, उलट करार नसेल तर पैसे देऊन जो छायाचित्र काढवितो तो त्याचा प्रथम धनी होतो. जी समोर बसली तिचा त्या कलमांत उल्लेखहि नाहीं. परंतु सचोटीचा व्यापार कायद्याच्या कांठाकांठानें चालत नसतो. मालावर कोणाचा छाप आहे हें सांगितल्यावांचून जो माल विकीत नाहीं, त्यानें चेहरा मात्र बिनछापाचा विकावा काय? आणि रोकडें पाहावयाचें तरी नांवानिशीं असलेल्या तसबिरीस किंमत अधिक येते, हें जुन्या वस्तूंचा व्यापार करणारा कोणीहि सांगेल.

मग करावें काय? मोठाल्या सभांची, ठरावांची गरज नाहीं. कामें लहान आहेत. प्रत्येक घरानें जुन्या तसबिरी बाहेर काढून घरांतील सर्वांत वृद्ध माणसापुढें ठेवाव्या आणि विचारावें. जें कळेल तें पाठीमागें कडेला मऊ पेन्सिलीनें, हात न दाबतां लिहावें: नांव, माहेरचें व सासरचें गांव, कोणत्या मंडळींत होत्या, कोणत्या वर्षीं चित्र निघालें, आणि ही माहिती कोणीं सांगितली. बॉलपेन वापरूं नये. त्याचा दाब पुढल्या अंगास उमटतो आणि शाई उतरते. फोटो प्लॅस्टिकमध्यें आंवळून पक्का बसवून घेऊं नये, चिकट पानांच्या आल्बमांत ठेवूं नये. जुन्या आल्बमास चिकटलेला असेल तर ओढून काढूं नये. आपला किनारपट्टीचा दमट पाऊस तसबिरींचा मोठा शत्रु. बुरशी आणि कसर त्याच्या पाठोपाठ येतात. म्हणून तसबिरी ओलाव्याच्या भिंतीस न टेकवितां कोरड्या कपाटांत, स्वच्छ कागदांत ठेवाव्या. हातांतल्या फोननें पुढची व मागची, दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवावी. मागची बाजू बहुतेक लोक विसरतात, आणि माहिती तेथेंच असते. पुठ्ठ्यावरील स्टुडिओचें नांव व पत्ता उतरून घ्यावा, त्यावरून कित्येकदां काळ ठरतो.

व्यापाऱ्यांनीं एक नियम स्वतःस घालून घ्यावा. दिनदर्शिकेवर, पाकिटावर किंवा दुकानाच्या भिंतीवर स्त्रीचें जुनें छायाचित्र लावावयाचें तर तिचें नांव शोधावें. शोधून मिळालें नाहीं तर खालीं स्पष्ट लिहावें कीं, या बाईंचें नांव आम्हांस मिळालें नाहीं, कोणास ठाऊक असल्यास कळवावें. ही एक ओळ छापण्यास पैचा खर्च नाहीं, आणि "एक नर्तकी" या ओळीपेक्षां ती शतपट प्रामाणिक आहे. आजची वारली स्त्री चौकापाशीं किंवा तारप्याच्या नाचांत टिपली, तर तिची अनुमति घ्यावी, नांव विचारावें, प्रत द्यावी, आणि चित्रावर पैसा मिळाला तर त्यांतला वांटाहि द्यावा. गांवोगांवच्या ग्रंथालयांनीं एक वही घालावी; गांवांतून जी जी स्त्री नाटकांत, तमाशांत, गाण्यांत, चित्रपटांत गेली तिची नोंद तींत करावी. चित्रपटाच्या तसबिरी असतील तर पुण्यास १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तेथें विचारावें. शाळामास्तरांनीं मुलांस आपल्या आजीची मुलाखत लिहून आणावयास सांगावें. ज्या प्रश्नास बापास उत्तर मिळालें नाहीं त्यास नातवास मिळतें, हा अनुभव आहे.

वेवजीची ती तसबीर आतां पेटींत नाहीं. घरच्या मंडळींनीं ती पुसून ओटीवर लावली आहे. आजी रोज तिच्याकडे पाहतात. गेल्या आठवड्यांत त्या एवढेंच म्हणाल्या कीं, नांवाच्या आरंभीं "म" होता असें वाटतें. घरांतील सुनेनें पाठीमागें, खरवडलेल्या जागेच्या शेजारीं, पेन्सिलीनें "म" लिहून ठेवला आहे आणि पुढें जागा सोडली आहे. ती जागा भरेल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. परंतु आमच्या वाचकांच्या घरीं अशा ज्या पेट्या आहेत त्यांत पूर्ण नांवें अजून असतील, आणि तीं सांगणारीं माणसें अजून बसलीं असतील. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत वाट पाहूं नये. पेन्सिल आजच घ्यावी.